आधी अल्ब्युमिन विचारा

माजरी जंक्शनवर रेल्वेचे दोन रस्ते फुटतात. मुख्य मार्ग वर्ध्याकडून येऊन बल्लारशाकडे जातो आणि एक फाटा वणीवरून आदिलाबादकडे वळतो. वरोरा आणि भद्रावती यांच्या मधला हा सगळा पट्टा कोळशाचा. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, माजरी क्षेत्राचं कार्यालय कुचन्याला. आजूबाजूला उघड्या खाणी, उपसलेल्या मातीचे ढिगारे आणि ढिगाऱ्यांच्या पायथ्यापर्यंत कापूस, सोयाबीन, तूर. या पट्ट्यात मी फिजिशियन म्हणून उमेदीची वर्षं काढली. पुढे चंद्रपुरातल्या एका अतिदक्षता विभागात जाऊ लागले, तेव्हा माजरीकडचे गंभीर पेशंट तिथेही माझ्याच वाट्याला येत राहिले.

ओपीडीत तीन प्रकारची माणसं यायची. वेकोलिचे कायम कामगार आणि त्यांची कुटुंबं, म्हणजे घरात महिन्याचा पगार आणि दवाखान्याची सोय. दुसरे ठेकेदाराकडचे कामगार, बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून आलेले, एका खोलीत चार-पाच जण मिळून राहणारे. तिसरे आसपासच्या गावांतले शेतमजूर, त्यातही जास्त बाया. या तिघांमधला फरक मला सर्वांत स्वच्छ दिसला तो रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या आकड्यात. पहिल्यांचा आकडा बहुधा चारच्या आसपास असायचा. शेतमजूर बाई लांबलेल्या आजारात आली, की तो अडीच-तीनवर, कधी दोनच्याही खाली असायचा. अल्ब्युमिनचा नेहमीचा पल्ला डेसिलिटरला साडेतीन ते पाच ग्रॅम.

अल्ब्युमिन कमी म्हणजे अंगावर सूज, एवढं प्रत्येक डॉक्टरला पाठ असतं. पायावर बोट दाबलं की खळगा पडतो, तो प्रथिनं घटल्याचा असू शकतो, हे आमच्या आशाताईंनाही ठाऊक असतं. पण हेच प्रथिन रक्ताच्या आम्ल-अल्क तोलातही वाटेकरी आहे आणि ते घटलं की त्या तोलाचे आकडे दिशाभूल करू लागतात, ही गोष्ट वॉर्डात फार कमी बोलली जाते. इथल्या माणसांसाठी ती किती महत्त्वाची आहे हे मला पेशंटच्या खाटेशेजारीच उमगत गेलं, म्हणून त्याबद्दल लिहिते आहे.

रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्टीत राहतो. त्याला कारण असलेले हायड्रोजन आयन लिटरमागे जेमतेम ४० नॅनोमोल असतात. सोडियम त्याच्या सुमारे ३५ लाख पट असतो. इतक्या नगण्य प्रमाणातल्या कणांवर श्वास, हृदयाचे ठोके, एन्झाइमांचं काम अवलंबून असतं. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडं आम्ल बाहेर टाकून हा तोल राखतात. हे शाळेच्या पुस्तकापासून आपण वाचत आलो. अल्ब्युमिनचं नाव मात्र तिथे क्वचितच येतं.

यकृत दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन तयार करतं. ५८५ अमिनो आम्लांची ही एकच लांब साखळी. तिचं रक्तातलं अर्धआयुष्य सुमारे २० दिवसांचं. कॅल्शियम, बिलिरुबिन, कितीतरी औषधं ती अंगाखांद्यावर वाहून नेते. रक्ताच्या सामूला या साखळीवर ऋण विद्युतभार असतो, म्हणजे रसायनाच्या भाषेत ती एक सौम्य आम्ल आहे. अल्ब्युमिन चार ग्रॅम असेल, तर लिटरमागे सुमारे ११ मिलिइक्विव्हॅलंट एवढा ऋणभार एकट्या त्याच्या नावावर असतो. आता रक्तातला एकूण धनभार आणि एकूण ऋणभार नेहमी सारखाच असायला हवा, तिथे कोणतीच सवलत नाही. अल्ब्युमिन निम्म्यावर आलं, तर त्याच्या वाट्याचा पाच-सहा मिलिइक्विव्हॅलंट ऋणभार कोणीतरी भरून काढावा लागतो. तो बायकार्बोनेटने भरला तर रक्त अल्कधर्मी होतं. मूत्रपिंडांनी क्लोराइड राखून ठेवून भरला तर सामू जागेवर राहतो. प्रत्यक्षात दोन्ही थोडंथोडं घडतं. म्हणून अल्ब्युमिन घटल्याने होणारी अल्कता बहुतेकदा सौम्य असते, लपलेली असते, आणि तिच्यामुळेच दुसरी एखादी मोठी आम्लता झाकली जाते.

झाकली जाते म्हणजे काय, ते एका बाईच्या रिपोर्टवरून सांगते.

माजरीपासून जवळच्या एका गावातली, पन्नाशीतली शेतमजूर. कित्येक महिन्यांपासून अधूनमधून हगवण, वजन उतरलेलं, पायांवर सूज, आणि आता ताप आणि धाप. सोबत तरणा मुलगा. आधी दाखवलेल्या ठिकाणचे कागद त्याने पिशवीतून काढून टेबलावर मांडले आणि विचारलं, "मॅडम, रिपोर्ट त सगळे नार्मल हायेत मनते. मंग माय धापा काहून टाकते?"

त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही पुन्हा तपासण्या केल्या. सोडियम १३२, क्लोराइड १०४, बायकार्बोनेट १७. धमनीतल्या रक्ताचा सामू ७.४०, कार्बन डायऑक्साइडचा दाब २८. सामू नेमका मधोमध. बायकार्बोनेट कमी खरं, पण हगवणीत आतड्यातून बायकार्बोनेट जातंच, त्यामुळे त्याचं कारण हाताशी होतं. राहिला अ‍ॅनायन गॅप. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केले की जे उरतं तो हा गॅप. इथे तो ११ आला. नेहमीचा गॅप यंत्रागणिक थोडा बदलतो. आमच्याकडे आठ ते बारा धरत असू. म्हणजे गॅपही नॉर्मल. लॅक्टेट, कीटोन यांसारखी कोणतीही जादा आम्लं साठलेली नाहीत, हगवणीची साधी आम्लता आहे, सलाइन द्या, असंच कोणीही म्हटलं असतं.

तिचं अल्ब्युमिन १.६ होतं.

माजरीकडच्या वाचकाला हे सांगायला काटाघराचा दाखला पुरे. कोळशाचा ट्रक आधी रिकामा तोलतात, मग भरलेला, आणि दोन्हींतला फरक म्हणजे माल. अ‍ॅनायन गॅप हा भरलेल्या ट्रकचा आकडा आहे. त्यात रिकाम्या ट्रकचं वजन म्हणजे मुख्यतः अल्ब्युमिनचा ऋणभार, आणि माल म्हणजे लॅक्टेट, कीटोन, निकामी मूत्रपिंडामुळे साठलेली आम्लं. ट्रकच हलका झाला असेल आणि कागदावर त्याचं जुनंच वजन धरलं, तर भरून आलेला ट्रकही रिकाम्यासारखा दिसेल. या बाईचा ट्रक सहाने हलका झाला होता. अल्ब्युमिन चारपासून जितकं खाली, त्याला अडीचने गुणायचं आणि गॅपमध्ये मिळवायचं. २.४ गुणिले २.५ म्हणजे ६. अकरात सहा मिळवले की सतरा. म्हणजे आम्ल भरलेलं होतं. लॅक्टेट मागवलं, ते ५.८ आलं. नेहमी ते दोनच्या आत असतं.

मग सामू ७.४० कसा? रक्तात जंतुसंसर्ग पसरला की आम्ल वाढतं, आणि त्याच वेळी श्वासही जरुरीपेक्षा वेगाने चालतो. बायकार्बोनेट १७ असताना शरीराने कार्बन डायऑक्साइडचा दाब ३३-३४ च्या आसपास आणला असता, तर ती नुसती भरपाई ठरली असती. तिचा २८ होता. म्हणजे संसर्गामुळे श्वसनाची अल्कता वेगळी होती, अल्ब्युमिन घटल्याची अल्कता वेगळी होती, आणि या दोन्हींनी मिळून लॅक्टेटची आम्लता सामूच्या आकड्यातून पुसून टाकली होती. तीन बिघाडांची बेरीज नॉर्मल आली होती. मुलाला दिसत असलेली धाप हीच तिथली एकमेव खरी खूण होती.

त्या रात्री प्रतिजैविकं सुरू केली, द्रव जपून दिला, संसर्ग कुठे आहे ते शोधलं. तो मूत्रपिंडात निघाला. पुढच्या दिवसांत हगवणीचं मूळही सापडलं. तो आतड्याचा क्षय होता. ताप उतरून लॅक्टेट खाली आल्यावर पुन्हा आकडे पाहिले. सोडियम १३६, क्लोराइड १०६, बायकार्बोनेट २५, गॅप ५. अल्ब्युमिन तेवढंच होतं. पाच हा या बाईचा स्वतःचा नॉर्मल होता. आली तेव्हाचा अकरा तिच्या मानाने दुपटीहून जास्त होता, आणि तो छापील पट्टीत बसत होता, कारण ती पट्टी पोटभर जेवणाऱ्या निरोगी माणसांवरून ठरलेली होती. ही गोष्ट मला फार लागली. माजरीच्या ओपीडीत अशी कितीतरी माणसं होती ज्यांच्यासाठी छापील नॉर्मल लागूच पडत नव्हता.

गॅपच्या या दुरुस्तीमागे बरीच मेहनत आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ पीटर स्टुअर्ट यांनी १९८१ मध्ये आम्ल-अल्क तोलाची सगळी मांडणीच उलटून पाहिली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बायकार्बोनेट आणि सामू हे परिणाम आहेत. ते ठरतात तीन गोष्टींवरून. कार्बन डायऑक्साइड, सोडियम-क्लोराइडसारख्या पूर्ण विलग राहणाऱ्या आयनांमधला फरक, आणि सौम्य आम्लांचं एकूण प्रमाण, ज्यात अल्ब्युमिन सर्वांत मोठं. तिसरी गोष्ट घटली की सामू वर जाणारच. १९८६ मध्ये मॅकॉलिफ, फेन्सल आणि सहकाऱ्यांनी गंभीर रुग्णांमधल्या या अल्कतेला स्वतंत्र नाव देऊन तिची नोंद केली. जेम्स फिगी आणि फेन्सल यांनी प्रयोगशाळेत अल्ब्युमिनची द्रावणं बनवून कोणत्या सामूला त्यावर किती भार असतो ते मोजलं आणि १९९८ मध्ये गॅपच्या दुरुस्तीचं ते साधं अडीचपटीचं गणित दिलं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करता येईल इतकं ते सोपं आहे, आणि म्हणूनच मला ते मोलाचं वाटतं.

स्टुअर्टची मांडणी सगळ्यांना पटलेली नाही. अल्ब्युमिन हळूहळू घटलं तर मूत्रपिंडं क्लोराइड वाढवून सामू सांभाळतात, त्याला स्वतंत्र बिघाड कशाला म्हणायचं, असा युक्तिवाद करणारे चांगले डॉक्टर आहेत. माझं मत असं की नाव काहीही द्या, पण गॅप दुरुस्त केल्याशिवाय वाचू नका. या एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांत भांडण नाही.

आकडा एका बाजूने वाचला की माणूस कसा हातचा जातो, याचं जगातलं ठळक उदाहरण १९५२ च्या कोपनहेगनचं. पोलिओच्या साथीत ब्लेगडाम रुग्णालयात श्वास थकलेले रुग्ण मरत होते आणि त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसे. त्याला अल्कता समजलं जात होतं. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी सांगितलं की हा कार्बन डायऑक्साइड साठल्याचा परिणाम आहे, रुग्ण आम्लतेत आहेत आणि त्यांना श्वास द्यायला हवा. प्रयोगशाळेतल्या पॉल अ‍ॅस्ट्रुप यांनी सामू मोजून दाखवला. मग शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने फुगे दाबत रुग्णांना श्वास दिला आणि मृत्यूंचं प्रमाण एकदम उतरलं. आजचे अतिदक्षता विभाग आणि आजची रक्तवायू तपासणी, दोन्हींच्या मुळाशी ती साथ आहे. तिथेही एकच आकडा समोर होता आणि शेजारचा आकडा मोजलेला नव्हता.

शेजारचा आकडा मोजणं आमच्याकडे नेहमी सोपं नव्हतं. माजरीत इलेक्ट्रोलाइट व्हायचे. रक्तवायू तपासायचे तर चंद्रपूर गाठावं लागे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. अशा उन्हात सिरिंजमधलं रक्त तसंच राहिलं, तर त्यातल्या लाल पेशी साखर वापरत राहतात, लॅक्टेट वाढतं, सामू घसरतो, आणि पेशंटमध्ये नसलेली आम्लता कागदावर उमटते. हेपरिन जास्त झालं तर बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड खोटे कमी दिसतात. म्हणून नमुना पाठवण्यापेक्षा पेशंटच पाठवायचा, आणि नमुना पाठवायचाच झाला तर बर्फात आणि लगोलग, असा नियम केला होता. अल्ब्युमिनला मात्र ही घाई लागत नाही. साध्या प्रयोगशाळेत ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या रंगाने ते मोजतात. पिवळट द्रावण अल्ब्युमिन भेटलं की हिरवं होतं. हा रंग थोडा ग्लोब्युलिनांनाही चिकटतो, त्यामुळे अल्ब्युमिन फार कमी असेल तर आकडा खऱ्यापेक्षा थोडा वरचाच येतो. दीड आला तर प्रत्यक्षात त्याहून कमीच असेल, हे मी गृहीत धरते.

जिथे तीही सोय नव्हती तिथे जुनी पद्धत होती. परीक्षानळीत लघवी घेऊन वरचा भाग तापवायचा. पांढरा साका आला तर दोन थेंब ॲसेटिक आम्ल टाकायचं, आणि तरीही साका टिकला तर मूत्रातून अल्ब्युमिन जातंय असं समजायचं. सकाळी डोळे सुजून येणाऱ्या मुलांमध्ये, ज्यांच्या मूत्रपिंडातून प्रथिन गळतं, ही चाचणी क्षणात निदान सांगते. 'मुलाले बाहेरचं झालं' म्हणून महिनाभर फिरवलेली मुलं अशा एका नळीवर ओळखू आली आहेत.

गॅप फार कमी येणं हीही एक खूण आहे आणि ती दुर्लक्षिली जाते. ठेकेदारी कामगारांमध्ये दारूने यकृत गेलेले बरेच असायचे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. त्याआधीचे, त्या काळातले आणि नंतरचे असे तिन्ही काळांतले पोट फुगलेले पेशंट मी पाहिले. अशाच एकाचे आकडे. सोडियम १३०, क्लोराइड ९८, बायकार्बोनेट २८, गॅप ४, सामू ७.४९, अल्ब्युमिन १.९. चारात सव्वापाच मिळवले की सव्वानऊ. इथे लपलेलं आम्ल नव्हतं, होती ती खरोखरची अल्कता. अल्ब्युमिन घटल्याची, सूज उतरवायच्या गोळ्यांमुळे पोटॅशियम गेल्याची, आणि यकृताच्या आजारात श्वास वेगाने चालतो त्याची. अशा पेशंटमध्ये अल्कता निरुपद्रवी समजू नये. रक्त अल्कधर्मी झालं की अमोनिया मेंदूत सहज शिरतो, आणि पोटॅशियम कमी असलं की मूत्रपिंडं अमोनिया जास्त बनवतात. माणूस आदल्या दिवशी नीट बोलत असतो आणि दुसऱ्या दिवशी बायकोला ओळखत नाही. त्याला पोटॅशियम दिलं, गोळ्या थांबवल्या, शौच साफ ठेवलं. त्याच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियमही ७.१ होतं आणि त्याला कॅल्शियमचं इंजेक्शन लावण्याची चिठ्ठी सोबत आली होती. एकूण कॅल्शियमपैकी सुमारे चाळीस टक्के प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन घटलं की एकूण आकडा उतरतो, पण कामाचं मोकळं कॅल्शियम पुष्कळदा शाबूत असतं. मात्र अल्कता वाढली तर हे मोकळं कॅल्शियमही अल्ब्युमिनला चिकटू लागतं आणि बोटांना मुंग्या येतात. म्हणून शक्य तिथे मोकळं कॅल्शियमच मोजून घ्यावं.

गडचिरोलीच्या बाजूने येणाऱ्या सिकलसेलच्या पेशंटांमध्ये आणखी वेगळा गुंता. मूत्रपिंडांना इजा झालेली, त्यामुळे लघवीतून अल्ब्युमिन जातं, आणि त्याच मूत्रपिंडांची आम्ल बाहेर टाकायची ताकद कमी होते. एक गोष्ट सामू वर ढकलते, दुसरी खाली. शिवाय आम्ल शोषून घेणारं रक्तातलं सर्वांत मोठं प्रथिन हिमोग्लोबिन, तेही यांच्याकडे कमी. अशा पेशंटचा सामू नॉर्मल पाहून मी कधीच निश्चिंत झाले नाही.

नातेवाइकांना अल्ब्युमिनचं नाव कळलं की पुढची मागणी ठरलेली, "प्रोटीनची बाटली लावा जी." घरातलं सोनं गहाण टाकून बाटल्या आणणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे स्पष्ट सांगणं मी माझं काम मानते. वीस टक्क्यांच्या १०० मिलीलिटर बाटलीत २० ग्रॅम अल्ब्युमिन असतं. निरोगी माणसाच्या अंगात ते एकूण सुमारे ३०० ग्रॅम असतं. संसर्गाने रक्तवाहिन्या पाझरत असतील तर बाटलीतलं बरंचसं बाहेर झिरपतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ६,९९७ गंभीर रुग्णांवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्ब्युमिन आणि साधं सलाइन यांच्यात मृत्यूंच्या बाबतीत फरक आढळला नाही. २०१४ मध्ये इटलीतल्या १,८०० वर रुग्णांच्या अभ्यासात अल्ब्युमिनची पातळी वर आणूनही जंतुसंसर्गातले मृत्यू घटले नाहीत. काही ठिकाणी बाटली खरोखर जीव वाचवते. यकृताच्या आजारात पोटातल्या पाण्यात संसर्ग झाला असेल किंवा पोटातून पाच लिटरहून जास्त पाणी काढायचं असेल, तर मी ती आग्रहाने मागते. आकडा सुधारण्यासाठी नको म्हणते. आकडा घटला हे आजाराचं चिन्ह आहे. मोठ्या संसर्गात यकृत अल्ब्युमिन बनवणंच कमी करतं, त्यामुळे दोन दिवसांपूर्वी नीट जेवणाऱ्याचंही ते उतरतं. अल्ब्युमिन कमी म्हणजे उपासमार, हे समीकरणही तितकंसं खरं नाही. उपासमार, आजार, गळती आणि पाझर, चारही पाहावे लागतात.

सलाइनबद्दलही एक सांगते, कारण आमच्या भागात सलाइन लावल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही. साध्या सलाइनमध्ये सोडियम आणि क्लोराइड दोन्ही लिटरमागे १५४. रक्तात क्लोराइड शंभरच्या आसपास असतं. लिटरच्या लिटर सलाइन गेलं की क्लोराइड चढतं आणि बायकार्बोनेट उतरतं. अल्ब्युमिन कमी असलेल्या पेशंटमध्ये त्यातलं पाणी अंगात साठून सूज आणि धाप वाढते ती वेगळीच. रिंगर लॅक्टेट दिलं तर ही आम्लता होत नाही, पण तेही मोजूनच द्यायचं.

खाण्याच्या बाबतीत माझी सर्वांत मोठी झुंज पथ्याशी झाली. कावीळ झाली, पोट फुगलं की घरची मंडळी वरण बंद करतात, अंडं बंद, तेल बंद, आणि उसाचा रस, मुरमुरे, पेज यांवर माणूस ठेवतात. यकृताच्या पेशंटला किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन लागतं, म्हणजे निरोगी माणसापेक्षा जास्त. घरच्यांना मी वरण घट्ट करायला सांगते, दोन वेळा. अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत बावीसच्या आसपास, सोयाबीनमध्ये छत्तीस. खाणीच्या कडेपर्यंत सोयाबीन पिकतं, पण ते पोत्यात भरून बाजारात जातं. थोडं घरात ठेवा, गव्हाच्या दळणात मूठभर घाला, हे सांगताना मला कधी कंटाळा आला नाही. रात्री झोपण्याआधी काहीतरी पोटात जाऊ द्या, हेही सांगते, कारण यकृत दुबळं असलेल्या माणसाचं शरीर रात्रीच्या उपासात स्वतःचेच स्नायू खातं.

वॉर्डात नव्याने आलेल्या डॉक्टरांना मी एक सवय लावली. केसपेपरवर अ‍ॅनायन गॅप लिहिला की त्याच ओळीत अल्ब्युमिन लिहायचं, आणि ते ठाऊक नसेल तर गॅपपुढे मोकळी जागा सोडायची. मोकळी जागा दिसली की राऊंडला मी तिथेच थांबते. इलेक्ट्रोलाइटच्या नेहमीच्या तपासणीत अल्ब्युमिन येत नाही, त्याचे वेगळे पैसे पडतात, म्हणून ते सुटतं. पायावर सूज असेल, महिनाभर हगवण असेल, दारूचं यकृत असेल, तर ते पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम म्हणणं आहे. त्या तुलनेत लॅक्टेटची तपासणी महाग आहे आणि चुकलेला संसर्ग त्याहून कितीतरी महाग.

त्या शेतमजूर बाईचे क्षयाचे उपचार सहा महिने चालले. अल्ब्युमिनचं अर्धआयुष्य वीस दिवसांचं, त्यामुळे आठवड्याने तपासून काही कळत नाही. मी तिला महिन्याच्या अंतराने बोलावत असे. हगवण थांबली, जेवण अंगी लागू लागलं. उपचार संपत आले तेव्हा अल्ब्युमिन ३.१ झालं होतं. सोडियम १३९, क्लोराइड १०५, बायकार्बोनेट २५. त्या दिवशी ओपीडीत असलेल्या एका तरुण डॉक्टरने जुना कागद शेजारी ठेवून मला दाखवलं, की गॅप पाचवरून नऊवर गेलाय, पुन्हा लॅक्टेट मागवू का. मी त्याच ओळीत दोन्ही वेळचं अल्ब्युमिन लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं, अडीचने गुणलं, आणि वाढलेले चार जवळजवळ सगळे अल्ब्युमिनचेच निघाले. लॅक्टेटची चिठ्ठी त्याने खोडली आणि तिला पुढच्या महिन्याची तारीख दिली.